इंग्रजीत आभार मानताना: 'थँक यू'च्या पुढे काय आणि किती?

गोदाकाठ

'थँक यू' कुणालाच नवं नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्यांच्या मराठी बोलण्यातही 'थँक्यू' केव्हाच मुरलं आहे. तरी प्रौढांच्या संभाषणवर्गात आभाराचा धडा आला की विद्यार्थी ठरलेल्या जागी अडतात. 'थँक यू' म्हणून झाल्यावर वाक्य पुढे नेता येत नाही. छोट्या गोष्टीसाठी भाषण होतं आणि जिथे इंग्रजी माणूस हमखास दोन शब्दांची वाट पाहतो, तिथे शांतता. आणि समोरच्यानेच आभार मानले तर उत्तर काय द्यायचं, हे तर बहुतेकांना कधी कुणी शिकवलेलंच नसतं.

या मंचावर शिकवणारे आहेत, परदेशात राहणारे आहेत, भाषेचा अभ्यास असलेलेही आहेत. नेमकं लिहा. चुकीचं वाक्य, बरोबर वाक्य आणि चूक का होते, हे तिन्ही हवं. 'असंच म्हणतात' एवढ्यावर मोठ्या माणसांचं समाधान होत नाही, आणि होऊही नये.

शब्दकळा

व्याकरणापासून सुरुवात करते, कारण बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे.

'थँक' हे क्रियापद आहे आणि ज्याचे आभार मानायचे तो माणूस त्याला थेट चिकटतो: 'आय वुड लाइक टू थँक द प्रिन्सिपॉल.' मध्ये 'टू' नाही. 'थँक्स' हे नाम आहे, म्हणून ते क्रियापदाच्या जागी बसत नाही. संमेलनात हमखास ऐकू येणारं 'आय वुड लाइक टू थँक्स टू प्रिन्सिपॉल सर' या वाक्यात दोन्ही चुका एकदम होतात. मराठीत 'आभार' हे नाम आणि 'मानणे' हे क्रियापद वेगवेगळं असतं. त्यामुळे विद्यार्थी 'थँक्स'ला 'आभार' समजतो आणि माणसाला जोडण्यासाठी एखादं अव्यय शोधू लागतो. 'थँक्स यू' आणि 'थँक्स गॉड' याच गोंधळातून येतात. बरोबर रूपं 'थँक यू' आणि 'थँक गॉड'.

पुढचा भाग 'फॉर'चा. इथे मराठी आपल्याला उलट मदतच करते. 'आल्याबद्दल', 'मदत केल्याबद्दल', 'बोलावल्याबद्दल' यांतल्या 'बद्दल'च्या जागी 'फॉर' ठेवा आणि 'आल्या', 'केल्या'च्या जागी क्रियापदाचं 'इंग' रूप. 'थँक यू फॉर कमिंग', 'थँक यू फॉर हेल्पिंग मी', 'थँक यू फॉर इन्व्हायटिंग अस.' येणं होऊन गेलं असलं तरी रूप 'कमिंग'च राहतं, भूतकाळ करायचा नाही. 'थँक यू टू हेल्प मी' आणि 'थँक यू फॉर हेल्प मी' ही दोन्ही चूक. नाम वापरायचं असेल तर 'थँक यू फॉर युवर हेल्प'. सराव म्हणून दहा '-बद्दल' लिहून द्यायचे आणि तोंडी इंग्रजी करून घ्यायचं. मराठीत 'बद्दल' आधी आणि 'धन्यवाद' शेवटी येतं, इंग्रजीत क्रम उलटतो. त्या उलटण्याचीच सवय लागायला वेळ लागतो, म्हणून हा सराव कागदावर न करता बोलून करावा.

'अप्रीशिएट'ला कर्म लागतंच. 'आय अप्रीशिएट युवर हेल्प' ठीक. विनंती करताना 'आय वुड अप्रीशिएट इट इफ यू कुड सेंड द फॉर्म' असं म्हणायचं. यातला 'इट' आपल्याकडच्या दहा अर्जांपैकी नऊ अर्जांत गळलेला असतो. 'ग्रेटफुल'चा साचा असा: 'टू'नंतर माणूस, 'फॉर'नंतर गोष्ट.

दोन बारकावे. 'थँक यू'पुढे 'सो मच' किंवा 'व्हेरी मच' येतं, तर 'अ लॉट' हे 'थँक्स'पुढे शोभतं. आणि 'थँक्स टू' म्हणजे 'मुळे'. 'थँक्स टू द रेन, वी वेअर लेट' यात पावसाचे आभार नाहीत.

टेम्सकाठचा

मी ब्रिटनपुरतं लिहितो. इथे नव्याने आलेल्या मराठी माणसाला शब्द येत असतात, पण त्यांची जागा आणि वारंवारता कळायला वेळ लागतो.

दुकानातला साधा व्यवहार बघा. वस्तू काउंटरवर ठेवली की विक्रेता 'थँक यू' म्हणतो, पैसे दिले की पुन्हा, पावती हातात आली की तुम्ही म्हणता, निघताना परत एकदा दोघंही. यातला एकही 'थँक यू' खोल कृतज्ञतेचा नसतो. व्यवहाराची एक पायरी संपली, एवढंच तो सांगतो. म्हणून तो छोटा, हलक्या आवाजात आणि चटकन म्हणायचा. उत्तराचीही गरज नसते. दार धरून ठेवणाऱ्याला, रस्ता देणाऱ्याला, लिफ्ट थांबवणाऱ्याला तो मिळालाच पाहिजे. न म्हटल्यास लोक बोलत नाहीत, पण त्यांच्या लक्षात राहतं. बसमधून उतरताना चालकाला 'थँक यू' किंवा 'चीअर्स' म्हणण्याची पद्धत बऱ्याच गावांत आहे. ब्रिस्टलमध्ये तर 'चीअर्स, ड्राइव्ह' हे त्या शहराची ओळखच होऊन बसलं आहे. उत्तर इंग्लंडमध्ये 'टा' ऐकू येतं. 'चीअर्स' आणि 'टा' समजले पाहिजेत. वापरायची घाई नको. 'थँक्स' सगळीकडे चालतं.

याच्या उलट चूक म्हणजे लहान गोष्टीला मोठे शब्द. मीठ पुढे सरकवलं म्हणून 'आय ॲम एक्स्ट्रीमली ग्रेटफुल टू यू' म्हटलं, तर समोरचा गोंधळतो. आपण आदर म्हणून शब्द वाढवतो, त्याला मात्र त्यामागे काहीतरी वेगळं असल्याची शंका येते. 'फ्रॉम द बॉटम ऑफ माय हार्ट' हे 'मनापासून'चं भाषांतर म्हणून आपण सहज वापरतो. इंग्रजीत ते निरोपाच्या भाषणात किंवा कुणी जीव वाचवला तर शोभतं, सुट्टी मंजूर झाल्याच्या ईमेलमध्ये नाही.

'सर' आणि 'मॅडम'चंही तसंच. आपल्याकडे प्रत्येक 'थँक यू'ला ते जोडलं जातं. इथे ते प्रामुख्याने दुकानदार किंवा हॉटेलातला कर्मचारी गिऱ्हाईकाला म्हणतो. सहकाऱ्याला, वरिष्ठालासुद्धा, नाव घेऊन 'थँक्स, डेव्हिड' पुरतं. वयाने मोठ्या माणसाला नावाने हाक मारताना मराठी जीभ अडखळते हे खरं आहे. नाव घेणं नकोच वाटलं तर नुसतं 'थँक यू' म्हणा, पण 'सर' चिकटवू नका.

भाषाभान

टेम्सकाठचा यांनी लिहिलेलं अनोळखी माणसं आणि दुकानं यांच्याबाबत बरोबर आहे. पण त्यावरून 'इंग्रज घरीदारी सारखे आभार मानतात आणि आपण मानत नाही' असा निष्कर्ष कुणी काढू नये.

२०१८ मध्ये रॉयल सोसायटी ओपन सायन्स या नियतकालिकात सिमियन फ्लॉइड, निक एनफिल्ड आणि सहकाऱ्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. पाच खंडांतल्या आठ भाषा त्यांनी घेतल्या होत्या. घरच्यांच्या आणि मित्रमंडळींच्या रोजच्या बोलण्याचं चित्रीकरण करून, एकाने काही मागितलं आणि दुसऱ्याने ते दिलं किंवा केलं, अशा प्रसंगांत आभार किती वेळा मानले जातात ते मोजलं. सगळ्या भाषा मिळून प्रमाण साधारण वीसात एक निघालं. इंग्रजी आणि इटालियन सगळ्यांत वर होत्या, तरी इंग्रजीतलं प्रमाण सातात एकच्या आसपास होतं. इक्वाडोरमधल्या चापाला भाषेच्या नोंदींत आभार एकदाही आले नाहीत. मराठी त्या आठांत नव्हती.

म्हणजे जवळच्या माणसांत मदत मागणं आणि ती मिळणं हे जगभर गृहीत असतं. आईने ताट वाढलं आणि मुलगा 'धन्यवाद' म्हणाला तर ती 'हे काय नवीन?' असं विचारते, यात उद्धटपणा कुठेच नाही. वर्गात हे स्पष्ट सांगावं. नाहीतर विद्यार्थ्याला वाटतं की आपल्या घरातच शिष्टाचार कमी आहे आणि इंग्रजी शिकणं म्हणजे तो शिकणं. तसं काही नाही. फरक आहे तो अनोळखी माणसं, सहकारी आणि सेवा देणारे यांच्याशी बोलताना. त्यातल्या त्यात लक्षात ठेवायचं ते हे, की इंग्रजी घरांतही पाहुणा मात्र जेवणाबद्दल यजमानाचे आभार मानतोच, आणि शक्यतो पदार्थाचं नाव घेऊन.

नवी_वही

फार उपयोगी चाललंय. माझा प्रश्न उत्तराबद्दल आहे. शाळेत 'मेन्शन नॉट' शिकवलं होतं. ऑफिसात सगळे नुसतं 'वेलकम' म्हणतात. मुलांकडे अमेरिकेत जाणाऱ्या ज्येष्ठांना नेमकं काय सांगावं? आणि कुणी खायला-प्यायला विचारलं तर 'थँक यू'चा अर्थ हो की नको?

अटकेपार

@नवी_वही, उत्तरासाठी एकच वाक्य पाठ करायचं तर 'यू आर वेलकम'. पूर्ण म्हणायचं. नुसतं 'वेलकम' हे दारात आलेल्या पाहुण्याला म्हणतात. 'मेन्शन नॉट' भारतीय उपखंडाबाहेर सहसा कुणी म्हणत नाही. त्याचं चालतं रूप 'डोन्ट मेन्शन इट', पण तेही आता जरा जुन्या वळणाचं वाटतं. 'इट्स ओके' टाळलेलं बरं, ते कुणी 'सॉरी' म्हटल्यावरचं उत्तर वाटतं. 'नो थँक्स' तर मुळीच नको. 'आभार कसले त्यात' असं मनात असतं, पण ऐकणाऱ्याला नकार ऐकू येतो.

अमेरिकेत दुकानात किंवा शेजाऱ्याकडून 'शुअर', 'यू बेट', 'नो प्रॉब्लेम' किंवा नुसतं 'अं-हं' असं उत्तर येईल. 'अं-हं' ऐकून ज्येष्ठांना वाटतं की समोरच्याने झटकून टाकलं. तसं नसतं, ते तिथलं नेहमीचं उत्तर आहे. ऑस्ट्रेलियात 'नो वरीज'. तिथे आणखी एक गंमत म्हणजे मागतानाही 'थँक्स' म्हणतात: 'अ कॉफी, थँक्स.' तिथे ते 'प्लीज'चं काम करतं.

खाण्यापिण्याचं नीट लक्षात ठेवा. हवं असेल तर 'यस, प्लीज'. नको असेल तर 'नो, थँक यू'. नुसतं 'नो' तुटक वाटतं आणि नुसतं 'थँक यू' समोरच्याला बुचकळ्यात टाकतं. हातातलं भांडं पुढे आणू की मागे नेऊ, हे त्याला कळत नाही. 'आय ॲम गुड' किंवा 'आय ॲम फाइन, थँक्स' म्हणजे 'नको'. यात तब्येतीचा काही संबंध नाही.

आणि तिकडे आग्रह नसतो. आपल्याकडे पहिलं 'नको' हे बोलण्याची सुरुवात असते, तिकडे पहिलं 'नो, थँक यू' हे अंतिम उत्तर धरलं जातं. यजमान फार तर एकदा 'आर यू शुअर?' विचारेल. संकोचाने नको म्हणणारा पाहुणा उपाशी राहतो. चहा हवा असेल तर पहिल्याच वेळी 'यस, प्लीज' म्हणावं.

भेटवस्तू दिली तर बहुतेक वेळा समोरच उघडावी, अशी अपेक्षा असते. उघडून त्या वस्तूबद्दल एक वाक्य बोलायचं: 'थँक यू, आय लव्ह द कलर.' 'कशाला आणलंत' यासाठी 'यू शुडन्ट हॅव' आहे, पण ते 'ओह' आणि हसऱ्या आवाजासह, आणि त्यामागून 'थँक यू' आलंच पाहिजे. सपाट आवाजात म्हटलं तर तक्रार वाटते.

शब्दकळा

कौतुकाला उत्तर देणं राहिलं. 'व्हॉट अ लव्हली सारी' म्हटलं की आपण 'अहो, जुनीच आहे' या अर्थाचं काहीतरी म्हणतो. इंग्रजीत त्याने कौतुक करणाऱ्याची आवड खोडून काढल्यासारखं होतं. आधी 'थँक यू', मग हवी तर माहिती: 'थँक यू, इट्स फ्रॉम पैठण.' 'सेम टू यू' कौतुकाला चालत नाही. ते शुभेच्छांना, आणि तिथेही 'थँक्स, यू टू' जास्त सहज.

स्वरयंत्र

उच्चाराबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून.

आपला 'थ' आणि 'थँक'मधला पहिला ध्वनी वेगळे आहेत. 'थ' म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांना टेकून हवा अडवतं आणि मग झटक्याने सोडतं. इंग्रजी ध्वनीत टोक दातांच्या मध्ये हलकं येतं आणि हवा न अडता घासत जाते. ओळखायची खूण: 'स' जसा तीन सेकंद लांबवता येतो, तसा हा ध्वनी लांबवता आला पाहिजे. लांबवता येत नसेल तर तुम्ही 'थ' म्हणताय. सराव आरशासमोर करावा, जिभेचं टोक किंचित दिसलं पाहिजे.

पण खरं सांगायचं तर, आपल्या 'थ'ने अर्थाचं काही बिघडत नाही. भारतीय इंग्रजीत तो सर्वत्र आहे आणि समजतो. जास्त अडथळा स्वराचा आणि लयीचा होतो. स्वर 'बॅट'मधला ॲ हवा, 'थेंक' नको. त्यापुढचा अनुनासिक 'अंक' किंवा 'पंखा'मधला, तो आपल्याला आयता येतो. जोर 'थँक'वर आणि 'यू' आखूड. मराठीत आपण दोन्हींवर सारखा भार देतो आणि 'क्यू' लांबवतो, त्यामुळे ते पाठ केल्यासारखं वाटतं.

सूरही महत्त्वाचा. शेवटी आवाज खाली उतरला की आभार मनापासूनचे वाटतात, वर गेला की नेहमीचे, उडते. बसचालकाला वर जाणारा सूर शोभतो. ज्याने दोन तास बसून तुमचा अर्ज तपासला, त्याला तोच सूर लावला तर बेफिकिरी वाटेल. आणि दोघांनाही एकमेकांचे आभार मानायचे असतील तर दुसरा माणूस जोर 'यू'वर टाकतो: 'थँक *यू*.' म्हणजे आभार तर तुमचेच. 'थँक्स अ लॉट' सपाट, ओढलेल्या आवाजात म्हटलं तर टोमणा होतो. सुरुवातीला त्याऐवजी 'थँक यू सो मच' वापरणं सुरक्षित.

फाइल_क्रमांक

लेखी आभारांबद्दल. पत्राच्या शेवटी एकटंच 'थँकिंग यू' हे आपल्या सरकारी पत्रव्यवहारात रुळलेलं आहे. बाहेरच्या वाचकाला ते जुनाट आणि अर्धवट वाटतं, कारण ते पूर्ण वाक्य नाही. 'थँक यू फॉर युवर टाइम' लिहा. 'थँक यू फॉर स्पेअरिंग युवर व्हॅल्युएबल टाइम'मधला 'व्हॅल्युएबल' काढला तरी आदर कमी होत नाही. 'थँक्स इन ॲडव्हान्स' जपून वापरावं. समोरच्याने हो म्हणण्याआधीच काम गृहीत धरल्यासारखं ते काहींना वाटतं, विशेषतः तो वरिष्ठ असेल तर. त्याऐवजी शब्दकळा यांनी दिलेला 'आय वुड अप्रीशिएट इट' बरा.

आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या जनरल ट्रेनिंग प्रकारातल्या पहिल्या लेखनप्रश्नात आभाराचं पत्र येऊ शकतं. किमान १५० शब्द, सुचवलेला वेळ २० मिनिटं आणि प्रश्नात तीन मुद्दे दिलेले असतात. गुण जातात ते इथे: मित्राला लिहायच्या पत्रात 'आय वुड लाइक टू एक्स्प्रेस माय सिन्सिअर ग्रॅटिट्यूड' येतं आणि अनोळखी अधिकाऱ्याला 'थँक्स अ टन'. पत्राचा सूर शेवटपर्यंत एकच ठेवा. 'डिअर सर ऑर मॅडम'ने सुरुवात असेल तर शेवट 'युअर्स फेथफुली', आडनावाने असेल तर 'युअर्स सिन्सिअरली', मित्राला 'बेस्ट विशेस'.

गोदाकाठ

@फाइल_क्रमांक, 'थँक्स अँड रिगार्ड्स'चं काय? सगळ्या कार्यालयांत तेच चालतं.

फाइल_क्रमांक

चालू द्या. पुण्यातून नागपूरला जाणाऱ्या ईमेलमध्ये ते पूर्ण स्वाभाविक आहे, आणि भारतीय इंग्रजीचे स्वतःचे रिवाज आहेत. फक्त ज्या ईमेलमध्ये आभार मानण्यासारखं काही नाही, उदाहरणार्थ तक्रार किंवा नकार, तिथे खालची ती आपोआप चिकटणारी ओळ बदलून नुसतं 'रिगार्ड्स' करा.

अटकेपार

नोकरीच्या मुलाखतीनंतर अमेरिकेत एका दिवसाच्या आत आभाराचा छोटा ईमेल पाठवतात. ब्रिटनमध्ये तशी सक्त अपेक्षा नसते. पाठवलात तर चार ओळींच्या वर नको.

सूत्रसंचालक

आभारप्रदर्शनाचं दोन ओळींत सांगतो. आपल्या शाळा-महाविद्यालयांत ते इंग्रजीत करायची वेळ येतेच. सुरुवात 'आय हॅव द प्लेझर ऑफ प्रपोझिंग द व्होट ऑफ थँक्स.' मग 'ऑन बिहाफ ऑफ' आणि संस्थेचं नाव. प्रत्येक वेळी 'आय वुड लाइक टू थँक' न म्हणता 'अवर थँक्स टू', 'वी आर ग्रेटफुल टू' असं आलटून पालटून घ्या. पाहुण्यांच्या भाषणातला एक मुद्दा ऐकून ठेवा आणि तोच उल्लेखा. घरून लिहून आणलेली स्तुती लगेच ओळखू येते. शेवटच्या नावाआधी 'लास्ट बट नॉट लीस्ट', मध्ये 'द' नाही. तीन मिनिटांच्या आत संपवा, श्रोते चहाकडे निघालेले असतात.

नवी_वही

एका विद्यार्थ्याने परदेशातल्या प्राध्यापकांना लिहायला घेतलेला मजकूर देते, परवानगीने. यात काय बदलाल?

'रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी व्हेरी थँकफुल टू यू फॉर गिव्ह मी युवर व्हॅल्युएबल टाइम अँड काइंड गायडन्स. आय विल नेव्हर फर्गेट युवर ऑब्लिगेशन. सॉरी फॉर द ट्रबल. थँकिंग यू.'

शब्दकळा

'फॉर गिव्ह' चूक, 'फॉर गिव्हिंग' हवं. 'थँकफुल' एखादी गोष्ट टळली किंवा लाभली याच्या समाधानासाठी जास्त वापरतात, माणसाच्या ऋणासाठी 'ग्रेटफुल'. 'ऑब्लिगेशन' सगळ्यांत गंभीर. मुलाला 'तुमचे उपकार' म्हणायचं आहे, पण इंग्रजीत ते 'तुमचं बंधन' किंवा 'तुमचं कर्तव्य' असं वाचलं जाईल. 'सॉरी फॉर द ट्रबल'ने प्राध्यापकांनाच आता 'अहो, त्रास कसला' असं लिहिण्याचं काम लागतं. आणि या सगळ्यात त्यांनी नेमकं काय केलं, ते कुठेच नाही. मी विचारून घेतलं असतं: त्यांनी काय वाचलं, कोणती सूचना कामाला आली, आता पुढे काय? समजा त्यांनी प्रकल्पाचा अहवाल तपासला असेल, तर:

'डिअर प्रोफेसर', पुढे आडनाव. 'थँक यू फॉर रीडिंग माय प्रोजेक्ट रिपोर्ट सो केअरफुली. युवर कॉमेंट्स ऑन द सेकंड चॅप्टर वेअर एस्पेशली युजफुल, अँड आय हॅव रीरिटन इट. आय विल सेंड यू द फायनल व्हर्जन व्हेन इट इज रेडी. बेस्ट विशेस', खाली मुलाचं पूर्ण नाव.

'व्हेन इट विल बी रेडी' असं लिहू देऊ नका, तिथे 'इज'च हवं. आणि अहवाल पूर्ण झाल्यावर खरोखर पाठवायला सांगा, सोबत एका ओळीत त्या दुसऱ्या प्रकरणाचा उल्लेख करून.